केसभर सैल

प्रकाश वाढवायचा म्हणजे नक्की करायचं काय, असं लोक फ्लॉसीला गेली कित्येक वर्षं विचारत आले होते आणि दर वेळी तिचं उत्तर आखूड होत गेलं होतं. आधी ती कागद ओढून चित्र काढायची. मग नुसते हातवारे करून सांगायला लागली. अलीकडे कुणी विचारलंच तर "वाढत नाहीये, एवढं खरं," म्हणायची आणि समोरच्याला चहा विचारायची. चहा आला की माणूस फिजिक्स विसरतो, हा तिचा अनुभव होता.

फ्लॉसी पापडी गावची, जुन्या ख्रिस्ती घरातली. फिजिक्समध्ये डॉक्टरेट केलेली, लग्न करायचं राहून गेलेली आणि आता साठीला टेकलेली. कामणच्या डोंगराखाली एका संस्थेनं जाड काँक्रीटच्या भिंतींचा हॉल बांधून त्यात फ्री इलेक्ट्रॉन लेसर उभा केला होता, आणि उभा झाल्या दिवसापासून तो फ्लॉसीच्या गळ्यात पडला होता. नाव भारदस्त असलं तरी काम समजायला तसं अवघड नाही. चुंबकांच्या दोन ओळी, एक वर आणि एक खाली, मध्ये बोटभर फट. त्या फटीतून इलेक्ट्रॉन भन्नाट वेगानं सोडायचे. चुंबक आळीपाळीनं उलटसुलट लावलेले असतात, म्हणून इलेक्ट्रॉन सरळ न जाता नागमोडी जातात आणि प्रत्येक वळणावर थोडा प्रकाश टाकतात. तो प्रकाश त्यांच्या सोबतीनं धावतो, विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचे घोळके करतो, आणि घोळक्यानं वळले की ते आणखी प्रकाश देतात. असा तो वाढत जायला हवा. डोळ्यांना तो दिसत नाही. पडद्यावर एक रेघ वर चढते, तेवढीच त्याची खूण.

घोडं अडलं होतं तिसऱ्या भागात. चुंबकांची ओळ तीन भागांत जोडलेली होती. पहिल्या भागात रेघ हलकेच उठायची, दुसऱ्या भागात चांगली चढायची, आणि तिसऱ्या भागात चढायची थांबून शेवटाला चक्क खाली यायची. संस्थेच्या समितीनं हे इतक्यांदा पाहिलं होतं की सभासदांनी आता पडद्याकडे बघणंसुद्धा सोडलं होतं. बिस्किटं तेवढी संपवायचे. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं. दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिसऱ्या भागात प्रकाश वाढला तर यंत्र राहील, नाहीतर चुंबकांची ओळ काढून टाकायची आणि इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र कांदे नि मसाले टिकवायच्या कामाला लावायचं. कांद्याला फ्लॉसीचा विरोध नव्हता. पण उमेदीची सगळी वर्षं ज्यात घातली ते काम असं भाजीच्या भावात जाणार, या विचारानं तिला गळून गेल्यासारखं व्हायचं.

दुखणं कुठे आहे ते मात्र तिला सापडलं होतं. इलेक्ट्रॉन प्रकाशाला जे देतात ते स्वतःच्या अंगातलंच देतात. दोन भाग पार करेपर्यंत ते दमलेले असतात. तिसऱ्या भागातही तीच वळणं, तेवढीच जोरकस. दमलेल्यांची चाल मग प्रकाशाशी जुळत नाही, ते मागे पडतात, आणि एकदा चाल चुकली की प्रकाशाला द्यायचं सोडून त्याच्याकडूनच ओढून घ्यायला लागतात. उपाय सोपा होता. तिसऱ्या भागातली फट शेवटाकडे थोडी थोडी वाढवत न्यायची. फट वाढली की चुंबकांचा जोर कमी, वळणं सौम्य, वाट जरा सरळ. मग दमलेलेही बरोबरीनं चालतात. जगात इतर ठिकाणी हे करतात. इथे करायचं म्हणजे आधी एका माणसाला ते पटवायला हवं होतं.

तो माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ गॅब्रिएल. वालीवला त्याचा छोटा कारखाना होता, आणि चुंबकांच्या या ओळी त्यानंच बनवल्या होत्या. मार्गारेटवहिनी गेल्यापासून पापडीच्या घरात हे दोघंच भाऊ-बहीण राहत. गॅब्रिएल सत्तरीचा, मधुमेहाच्या गोळ्या खाणारा, आणि आपल्या ओळीचा अभिमान असा की पाहुण्याला जेवायला बसवून आधी ओळीचे फोटो दाखवायचा. पहिल्या ठोकळ्यापासून शेवटच्या ठोकळ्यापर्यंत फट एकसारखी, केसाचा फरक नाही. आयुष्यभर त्यानं पंपांचे नि गिरण्यांचे भाग बनवले, ते कुठे गेले कुणाला ठाऊक. ही ओळ मात्र त्याच्या नावावर उभी होती.

सकाळी चहाच्या वेळी फ्लॉसीनं विषय काढला.

"दादा, तिसऱ्या भागाची फट शेवटाकडे वाढवत न्यायची आहे."

"म्हणजे वाकडी करायची."

"सैल करायची. प्रत्येक ठोकळ्याला केसभर."

गॅब्रिएलनं पाव चहात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "ती ओळ सरळ करताना माझी कंबर गेली गे. आता तू म्हणतेस बिघडव."

"बिघडव नाही म्हणत. इलेक्ट्रॉन दमतात रे तिथवर येऊन. दमलेल्या माणसाला वळणं कमी दिली की तो मागे पडत नाही, तसं आहे."

"दमलेल्या माणसाला घरी बसवतात," गॅब्रिएल म्हणाला. पण तो हसला, आणि फ्लॉसीला कळलं की तो करणार. "आण तो भाग वालीवला. एक सांगतो, हे काम मी शत्रुघ्नला देणार नाही. माझी ओळ बिघडवायचीच असेल तर मीच बिघडवीन."

शत्रुघ्न पाचूबंदरचा, कोळ्याच्या घरातला. होडीवर मन रमलं नाही म्हणून पोरवयात गॅब्रिएलकडे आला आणि तिथेच चाळिशीचा झाला. कारखान्यात आता जे बारीक काम व्हायचं ते त्याच्या हातून व्हायचं, हे सगळ्यांना दिसत होतं. गॅब्रिएललाही दिसत असावं. पण शेठनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि शत्रुघ्ननं कधी मिरवलं नव्हतं.

काम असं होतं. प्रत्येक ठोकळ्याच्या बैठकीखाली पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्या घालून-काढून फट कमीजास्त करायची. फट बरोबर झाली का ते बघायला ठरलेल्या जाडीची पितळेची पात फटीत सरकवायची. चुंबकाजवळ पोलाद नेलं तर ते हातातून ओढलं जाऊन बोट चेंगरतं. पात अडकायला नको आणि लोंबकळायलाही नको. लोण्यातून सुरी जावी तितकीच अटक बोटांना लागली पाहिजे. ती अटक आकड्यात लिहिता येत नाही, बोटांनाच कळते. गॅब्रिएल आठवडाभर दार लावून एकटा बसला. मधूनमधून त्याचा आवाज यायचा. पितळ खराब आलंय, हल्ली कोण धड माल देतं, असं काहीबाही.

शनिवारी दुपारी फ्लॉसी मोजणीचं सामान घेऊन वालीवला गेली. चुंबकांच्या फटीतून एक बारीक काडी सरकवत न्यायची, आणि जोर किती आहे ते लॅपटॉपवर उमटत जातं. उतरती रेघ यायला हवी होती, घाटातून हळूहळू उतरणाऱ्या रस्त्यासारखी. आली ती खड्ड्यांचीच रेघ. एक ठोकळा फार सैल, पुढचा घट्ट, त्याच्या पुढचा पुन्हा सैल. तिनं काडी मागे आणून पुन्हा मोजलं. रेघ तीच.

पितळ खराब नव्हतं. हे बघायला तिला फिजिक्सची गरज नव्हती. पट्ट्या नव्या कोऱ्या होत्या, माप छापलेलं होतं. ज्या बोटांनी गॅब्रिएलनं सगळी ओळ एका सुतात आणली होती त्यांनाच आता अटक कळत नव्हती. मधुमेहाची साखर बोटांवर आली होती, स्पर्श गेला होता.

"कसं आहे?" गॅब्रिएलनं पाठीमागून विचारलं. तो खुर्चीत बसून घाम पुसत होता. त्याचा चेहरा परीक्षेतून बाहेर आलेल्या पोरासारखा झाला होता.

फ्लॉसीच्या मनात उत्तर तयार होतं. एका वाक्याचं होतं. पण त्या आठवड्यात तिनं दोनदा समितीला तोंड दिलं होतं, एकदा जळलेला पंप बदलला होता, आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्या वाक्यानंतर जे येईल ते, त्याचा चेहरा, त्याचं गप्प होणं, रात्रीचं न झालेलं जेवण, ते सगळं उचलण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी पापडीच्या चर्चचा सण होता. सणाच्या दिवशी गॅब्रिएल कारखान्याचं नावसुद्धा काढायचा नाही. चर्चमध्ये सकाळची मिस्सा, मग मिरवणूक, मग दारात येईल त्याला इंद्यालचा मसालेदार रस्सा आणि पिठाचे तळलेले फुगे, आणि संध्याकाळपर्यंत गप्पा. ही सवड फ्लॉसीला शनिवारी संध्याकाळीच दिसली. तिनं शत्रुघ्नला फोन केला.

मिस्सा झाली. मिरवणुकीत मेणबत्ती धरून पुढे चाललेल्या भावाकडे तिनं एकदा पाहिलं, आणि डोकं दुखतंय म्हणून रिक्षा पकडून वालीवला गेली. शत्रुघ्न शटर अर्धं वर करून बाहेर उभा होता.

"शेठना कोन सांगनार, मॅडम?" त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला.

"कुणीच नाही. आपण नीट करायचं आणि गप्प बसायचं."

"त्यांनी केलेलं काम मी खोलायचं? त्यांच्या पाठीमागं?" त्यानं मान हलवली. "बरं नाय वाटत."

"मलाही नाही वाटत," फ्लॉसी म्हणाली. "पण गुरुवारी प्रकाश वाढला नाही तर त्याची सगळी ओळच भंगारात जाईल. ते बरं वाटेल का तुला?"

शत्रुघ्न वाकून शटरखालून आत शिरला. त्यानं एकेक ठोकळा सैल केला, पट्ट्या बदलल्या, पात सरकवली. फ्लॉसी मोजत गेली. दूर कुठेतरी दुसऱ्या कुठल्या गावातल्या सणाचे फटाके वाजत होते. संध्याकाळ होईतो रेघ सुरेख उतरती झाली. फ्लॉसीनं ती जपून ठेवली आणि खुर्चीत मागे डोकं टेकलं.

"तुझा सुट्टीचा दिवस गेला. उद्या येऊ नकोस, मी दादाला सांगते तू आजारी आहेस म्हणून," ती म्हणाली. अजून एक खोटं, पण आता एकाचं काय घेऊन बसायचं, असं तिला वाटलं.

या सगळ्यात एक गोष्ट ती विसरली. गॅब्रिएलच्या कारखान्यातून कुठलंही काम बाहेर पडायचं तर पेटीचं झाकण ठोकण्याआधी तो स्वतःच्या हातानं एकदा सगळं तपासायचा. साधा पंपाचा भाग असला तरी तपासायचा. त्यांचे वडील वाडीतली केळी पाठवताना टोपलीचं तोंड शिवण्याआधी घड हातानं चाचपायचे, तीच सवय. फ्लॉसीनं लहानपणापासून हे पाहिलं होतं. झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण रविवारी संध्याकाळी ती घरी जाऊन पडली ती कपडे न बदलताच झोपली, आणि सोमवारी सकाळी उठून, शत्रुघ्न आजारी आहे एवढं दादाला सांगून, थेट कामणला गेली.

सोमवारी दुपारी पेटी कामणला आली. झाकण पक्कं ठोकलेलं, वर गॅब्रिएलच्या अक्षरात खडूनं 'सांभाळून'.

"मॅडम, बसवण्याआधी पुन्हा एकदा मोजूया का?" प्रियलनं विचारलं. प्रियल ही तिची सहकारी, यंत्राचं नियंत्रण सांभाळणारी इंजिनीअर, नीटस आणि शंकेखोर.

"कालच मोजलंय मी. रेघ आहे माझ्याकडे," फ्लॉसी म्हणाली. "बसव."

प्रियलनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माणसांना हाक मारली.

गुरुवारी सकाळी गॅब्रिएल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कामणला हजर झाला, सोबत शत्रुघ्न. हॉलच्या आत कुणालाच थांबता येत नाही, किरणोत्सर्ग असतो. म्हणून दोघं बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर बसले. फ्लॉसी आणि प्रियल काचेपलीकडे पडद्यांसमोर. समितीचे दोघं आले होते, त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवली होती.

इलेक्ट्रॉन सुटले. पहिल्या भागात रेघ उठली. दुसऱ्या भागात चढली, नेहमीसारखी. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी आली आणि फ्लॉसीनं टेबलाची कड धरली. रेघ थरथरली, खाली आली, थोडी वर गेली, आणि मग पूर्वी कधी आली नव्हती इतकी खाली आली. प्रियलनं सगळं पुन्हा जुळवून पाहिलं, पुन्हा सोडलं. तेच. समितीतला एक जण घड्याळाकडे बघत म्हणाला की संध्याकाळपर्यंत वेळ आहे म्हणा, पण आम्ही जेवून येतो.

यंत्र बंद करून आत जायला परवानगी मिळाल्यावर फ्लॉसी एकटीच आत गेली. तिसऱ्या भागाजवळ वाकून तिनं पितळेची पात फटीत घातली. एक ठोकळा सैल. पुढचा घट्ट. त्याच्या पुढचा पुन्हा सैल. शनिवारची रेघ तिला पाठ होती, आणि हे सगळे खड्डे त्याच रेघेतले होते. ती तिथेच जमिनीवर बसली. सोमवारी पेटी बंद करताना काय झालं असेल ते तिला डोळ्यांपुढे दिसलं. त्यानं पात घेतली असेल, पट्ट्या आपण ठेवल्या तशा नाहीत बघून चरकला असेल. हलवाहलवीत काहीतरी सरकलं असं वाटलं असेल. विचारायला शत्रुघ्न नव्हता, त्याला तिनंच सुट्टी दिली होती. मग त्यानं मुकाट्यानं पुन्हा सगळं आधीसारखं आपल्या हातानं 'नीट' केलं असेल, थकेपर्यंत, आणि कुणाला त्रास नको म्हणून बोलला नसेल.

ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा गॅब्रिएल उठून उभा राहिला. प्रियलनं त्याला निकाल सांगितला होता.

"असू दे बाय," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो वहिनी गेल्यानंतर बोलला नव्हता. "कल्पना चांगली होती तुझी. नाही जमली. माणसानं करून बघायचं, बाकी देवाच्या हातात. चल घरी, जेवण राहिलंय तुझं."

फ्लॉसीनं त्याच्याकडे पाहिलं. किती सोपं होतं. कल्पना चुकली म्हणायचं. यंत्र कांद्याला द्यायचं, निवृत्तीचा कागद लिहायचा, आणि भावाच्या मनात त्याची ओळ मरेपर्यंत सरळ राहील. तिला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं, कारण ती इतकी दमली होती की हरणंसुद्धा विश्रांतीसारखं वाटत होतं. शत्रुघ्न खाली मान घालून आपले हात बघत होता.

"कल्पना नाही चुकली, दादा," ती म्हणाली. "फट चुकली."

"मी स्वतः तपासलीये."

"म्हणूनच."

गॅब्रिएलला समजलं नाही. ती खुर्चीत बसली आणि सगळं सांगितलं. शनिवारची रेघ, 'ठीक आहे' म्हणणं, रविवारी सण सोडून जाणं, शत्रुघ्ननं केलेलं काम, सोमवारची सुट्टी. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. शेवटी म्हणाली, "पितळ खराब नव्हतं रे. तुझ्या बोटांना आता कळत नाही."

गॅब्रिएलनं शत्रुघ्नकडे पाहिलं.

"खरं?"

"शेठ, मी..." शत्रुघ्ननं मान वर केली. "मला नाय म्हनता आलं."

"तुला नाही विचारलं तू का केलंस. तुझी रेघ बरोबर आली होती का, ते विचारलं."

"आली होती."

गॅब्रिएल खाली बसला. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या, अर्ध्यात सोडल्या. फ्लॉसीला वाटलं तो आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी हिशेबी आवाजात म्हणाला, "रविवारी संध्याकाळी सांगितलं असतंस, तर सोमवारी मी हात लावला नसता."

"हो."

"एवढंच सांगायचं होतंस."

"हो, दादा."

"मग आता कशाला बसलायस?" हे शत्रुघ्नला होतं. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे म्हणतात ना. जा आत. माझी पात घेऊन जा. शेवटच्या ठोकळ्यांना घाई करू नको, तिथे जागा अडचणीची आहे, डाव्या हातानं धर."

शत्रुघ्न गेला. फ्लॉसी उठली तेव्हा गॅब्रिएलही उठला, पण आत न जाता बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. ती क्षणभर दारात थांबली. मग आत गेली.

दुपारभर शत्रुघ्न फटींमध्ये वाकून होता आणि फ्लॉसी काडी सरकवत मोजत होती. या वेळी रेघ पूर्ण उतरती झाल्यावर तिनं ती प्रियललाही मोजायला लावली. प्रियलनं नीट मोजलं आणि मान डोलावली. समितीचे दोघं जेवून, डोळे जड करून परतले होते.

उन्हं कलताना पुन्हा इलेक्ट्रॉन सुटले. पहिला भाग. दुसरा भाग. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी रेघ आली आणि थांबली नाही. चढली. आणखी चढली. ती शेवटाला पोहोचेपर्यंत प्रियलनं पडद्याचं माप बदललं, कारण रेघ वरच्या कडेबाहेर जात होती. समितीतला एक जण खुर्चीतून उठला आणि बिस्किट हातात घेऊन पडद्याजवळ आला. प्रियलनं फ्लॉसीचा दंड घट्ट धरला होता. शत्रुघ्न भिंतीला टेकून उभा होता, घामानं निथळत. तो म्हणाला, "शेठना सांगा."

फ्लॉसीला आनंद झाला का? झाला. पण तो फार लांबून आल्यासारखा आला, अंगापर्यंत पोहोचेतो अर्धा संपला होता. तिला फक्त बसायचं होतं.

ती बाहेर व्हरांड्यात आली. गॅब्रिएल बाकावर तसाच होता, हात मांडीवर ठेवून.

"वाढला, दादा. तिसऱ्या भागात वाढला. खूप."

"शत्रुघ्ननं घाई नाही ना केली?"

"नाही."

"बरं झालं." "ओळ राहील म्हणजे."

"राहील."

"तुझ्या त्या लोकांना सांग, यापुढचं काम शत्रुघ्नच्या नावानं द्या. माझं नाव पाटीवर आहे तेवढं पुरे." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू मला सांगितलं नाहीस म्हणून रागावलो होतो मी आत. इथे बसून विचार केला. मी तरी कुठे तुला सांगितलं? गेल्या नाताळपासून चहाचा कप गरम आहे की गार ते मला हाताला कळत नाही. ओठाला लावून बघतो. तू समोर बसलेली असतेस रोज."

फ्लॉसी त्याच्या शेजारी बाकावर बसली. आतून प्रियल तिला हाका मारत होती, समितीला आकडे हवे होते. तिनं गॅब्रिएलचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या नखानं त्याच्या बोटाचं टोक दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग खूप जोरात, नखाची खूण उमटेल इतकं. गॅब्रिएल समोरच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक बघत होता.